हॉस्पिटल जवळ आहे, पण पहिली दहा मिनिटे आपल्या हातात आहेत

रोडपालीत राहणाऱ्या माणसाला हॉस्पिटलची तशी कमी नाही. कळंबोली आणि कामोठ्यात एमजीएम आहे, पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, सेक्टरमध्ये खासगी दवाखाने आहेत. म्हणून घरात काही झाले की आपले पहिले वाक्य ठरलेले असते, "चला, रिक्षा बोलवा!" आणि रिक्षा येईपर्यंत घरात काय चालते? कोणी हळद आणतो, कोणी कांदा फोडतो, कोणी बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततो, तर कोणी मोबाईलवर व्हिडिओ काढतो.

हृदय बंद पडले तर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला सुरुवात होते. कळंबोली सर्कलला कंटेनरची रांग लागली असेल तर एवढ्या वेळात गाडी सर्कलसुद्धा ओलांडत नाही. डॉक्टर कितीही चांगला असला तरी ती गेलेली मिनिटे तो परत आणू शकत नाही. ती मिनिटे घरातल्या माणसांची असतात. अम्मीची, मोठ्या मुलीची, शेजारच्या चाचांची.

प्रथमोपचार म्हणजे डॉक्टरकी नव्हे. हॉस्पिटलपर्यंत माणूस जिवंत आणि कमीत कमी नुकसानीत पोहोचवणे एवढेच त्याचे काम आहे. त्यातला अर्धा भाग काय करू नये हे जाणण्याचा आहे.

आधी फोन, आणि पत्ता नीट

महाराष्ट्रात १०८ ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे. ती मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. पोलीस, आग किंवा कोणतीही आणीबाणी असेल तर ११२. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२.

फोन उचलणारी व्यक्ती रोडपालीत बसलेली नसते. "मशिदीजवळ या" असे सांगून तिला काही कळत नाही. क्रमाने सांगा: पनवेल तालुका, कळंबोली, रोडपाली, सेक्टर नंबर, सोसायटीचे नाव, जवळची मोठी खूण. मग काय झाले, किती जण आहेत, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. समोरून "ठेवा" म्हटल्याशिवाय फोन ठेवू नका आणि फोन स्पीकरवर टाका, म्हणजे हात मोकळे राहतात. एका मुलाला खाली गेटवर उभे करा, दुसऱ्याला लिफ्ट धरून ठेवायला सांगा. हा पत्ता आजच कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा सेक्टरसुद्धा आठवत नाही.

सफमध्ये कोणी कोसळले तर

जमात उभी आहे आणि शेजारचे बुजुर्ग धाडकन खाली पडले. अशा वेळी नमाज तोडायची का, हा विचार करण्यात मोलाचा वेळ जातो. फुकहांनी हे स्पष्ट लिहून ठेवले आहे: कोणाचा जीव धोक्यात असेल आणि आपण मदत करू शकत असू, तर नमाज तोडून मदतीला धावणे जायजच नव्हे तर जरुरी आहे. नमाज नंतर पुन्हा पढता येते.

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही? छातीकडे दहा सेकंद पाहा. श्वास नसेल, किंवा मध्येच मासळीसारखे तोंड उघडून आचका दिल्यासारखा श्वास येत असेल, तर हृदय बंद पडले असे समजा. तो आचका म्हणजे "श्वास चालू आहे" असे नाही. इथेच बहुतेक लोक फसतात.

एकाने १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने लगेच सीपीआर सुरू करायचा. माणसाला कडक जमिनीवर पाठीवर झोपवा. छातीच्या मधोमध एका तळहाताचा मागचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपरे ताठ. छाती पाच ते सहा सेंटीमीटर खाली जाईल एवढ्या जोराने दाबा आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्या. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. दोन मिनिटांनी दमायला होते, म्हणून माणूस बदला, पण थांबू नका. तोंडाने श्वास देता येत नसेल तरी चालेल, मोठ्या माणसाला फक्त छाती दाबली तरी फायदा होतो. बरगडी मोडेल अशी भीती नको. मोडलेली बरगडी जुळते, बंद पडलेले हृदय आपोआप सुरू होत नाही.

आणखी एक प्रश्न आपल्याकडे मनात असतो, पण कोणी विचारत नाही. कोसळलेली बाई असेल आणि जवळ फक्त नामहरम पुरुष असतील तर? जीव वाचवण्याच्या जरुरतमध्ये एरवीची बंदी शिथिल होते, हा फिकहचा जुना आणि मान्य कायदा आहे. जवळ बाई असेल तर तिने करावे, नसेल तर पुरुषाने थांबू नये. बाकीच्यांनी पाठ करून चादर धरून आडोसा करावा. घरच्यांनी हे आधीच आपसात बोलून ठेवावे, म्हणजे त्या वेळी कोणी कोणाचा हात धरणार नाही.

छातीत दुखणे आणि लकवा

छातीच्या मधोमध दाब, जडपणा, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, घाम, मळमळ. हे पंधरा-वीस मिनिटे टिकले की "गॅस झालाय" म्हणून सोडा-लिंबू पीत बसू नका. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो आणि घाम फुटतो. माणसाला अर्धवट बसवा, कपडे सैल करा, चालायला लावू नका, जिने उतरवू नका. १०८ च्या डॉक्टरला विचारून, अ‍ॅलर्जी किंवा पोटात अल्सर नसेल तर, अ‍ॅस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्यावी. जिभेखालची गोळी शेजाऱ्याची आणून देऊ नये. ब्लड प्रेशर आधीच खाली असेल तर ती जास्त खाली आणते. ती ज्याला डॉक्टरने लिहून दिली आहे त्यालाच.

लकव्याची ओळख तीन गोष्टींवरून होते. हसायला सांगा, तोंड एका बाजूला वाकते का? दोन्ही हात वर धरायला सांगा, एक खाली पडतो का? एक साधे वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळते का? यातले एक जरी दिसले तरी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन करावा लागतो. म्हणून सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलातच न्या. तेलाची मालिश, कबुतराचे रक्त, दम केलेले पाणी यात ते साडेचार तास निघून जातात. दुआ जरूर करा, पण गाडीत बसून करा. आणि इथे अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण लकवा रक्तस्रावाने आला असेल तर ती नुकसान करते.

रमजानमध्ये साखर उतरली तर

अस्रनंतरची वेळ. अब्बांना मधुमेह आहे, गोळी चालू आहे आणि रोजाही आहे. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, चिडचिड सुरू होते, बोलणे विसंगत होते. "इफ्तारला एक तासच राहिलाय, थोडा सब्र करा" हे वाक्य अशा वेळी धोक्याचे आहे. साखर ७० च्या खाली गेली की रोजा तोडायचा. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, किंवा फळांचा गोड रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, तरी खालीच असेल तर पुन्हा तेवढेच. नंतर थोडे खायला द्या. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा जात नाही, असे बहुसंख्य उलमा सांगतात. साखर ३०० च्या वर गेली तरी रोजा सोडून डॉक्टरकडे जायचे आहे.

माणूस गिळू शकत नसेल किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, साखरसुद्धा नाही. ती श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा आणि १०८ बोलवा.

आजाऱ्याला रोजाची सूट खुद्द कुरआनने सूरह अल-बकरामध्ये दिली आहे. ती सूट घेणे म्हणजे ईमान कमी पडणे नव्हे. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरकडे जाऊन गोळ्यांच्या वेळा बदलून घेणे, हा यातला सर्वात चांगला प्रथमोपचार.

भजीचे तेल, सहरीचा चहा

इफ्तारच्या अर्धा तास आधी स्वयंपाकघरात घाई असते आणि तिथेच लहान मुले पायात येतात. भाजले की एकच औषध: नळाचे वाहते साधे पाणी, पूर्ण वीस मिनिटे. घड्याळ लावून. कातडीत शिरलेली उष्णता आत जाळतच राहते, ती पाणीच काढते. बर्फ नको, त्याने रक्तपुरवठा तुटतो आणि जखम खोल होते. टूथपेस्ट, हळद, शाई, अंडे, तूप नको. त्याने उष्णता आत कोंडते आणि हॉस्पिटलात ते खरवडून काढताना मूल दुप्पट रडते.

अंगठी, बांगड्या लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. फोड फोडू नका. वर स्वच्छ सुती कापड सैल ठेवा. भाजलेला भाग त्या माणसाच्या तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा तोंड, हात, सांधा, लघवीची जागा भाजली असेल, तर दवाखान्यात न्यायचेच. कपड्याने पेट घेतला तर पळू देऊ नका. खाली पाडा, लोळवा, जाड सुती चादर किंवा गोधडी टाका. नायलॉनची ओढणी टाकू नका.

कुर्बानीचा सुरा आणि कारखान्याचे मशीन

बकरी ईदच्या दिवशी हात कापून येणारे दरवर्षी असतात. आपल्याकडे लोखंड बाजारात आणि तळोजा एमआयडीसीत काम करणारेही घरोघरी आहेत. रक्त थांबवण्याचा उपाय एकच: स्वच्छ कापड ठेवून थेट जखमेवर घट्ट दाब, सलग दहा मिनिटे. मध्येच उचलून "थांबले का" बघू नका. बघितले की तयार होणारी गाठ सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. हात वर धरा. हळद, चहापावडर, कॉफी, तंबाखू भरू नका.

जखमेत काच किंवा सळई रुतली असेल तर उपटू नका, तीच आतून रक्त अडवत असते. तिच्या दोन्ही बाजूंनी दाब द्या.

बोट तुटून वेगळे झाले तर ते फेकू नका आणि थेट बर्फातही टाकू नका. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात ठेवून सोबत न्या. जोडता येण्याची शक्यता राहते. लोखंडाने कापले असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका. केमिकल अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर कपडे काढून किमान वीस मिनिटे भरपूर पाण्याने धुवा, चोळू नका. कोरडा चुना असेल तर आधी झटकायचा, मग पाणी.

नाकातून रक्त आले तर डोके मागे टाकायची आपली सवय चुकीची आहे, रक्त घशात जाते. पुढे वाकून बसवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरा.

घशात अडकले, झटके आले

शेंगदाणा, द्राक्ष, खजुराची बी, खेळण्यातली गोल बॅटरी. मूल खोकत असेल तर खोकू द्या, खोकल्याइतका चांगला उपाय नाही. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा. नाही निघाले तर मागे उभे राहून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच झटके. आळीपाळीने करत राहा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर दाब नाही. बाळाला आपल्या हातावर पालथे, डोके खाली ठेवून पाच थापा, मग उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. गरोदर बाईलाही पोटाऐवजी छातीवर झटके. बेशुद्ध पडला तर सीपीआर. न दिसणारी वस्तू बोट घालून शोधू नका, ती आणखी खाली जाते. बॅटरी गिळली असा संशय असेल तर मूल ठीक दिसत असले तरी लगेच हॉस्पिटल.

फिनेल, रॉकेल किंवा उंदराचे औषध प्यायले तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. जाताना जे जाळत गेले ते येताना पुन्हा जाळते. बाटली सोबत न्या.

फीट आली की चप्पल हुंगवणे, कांदा लावणे, दातात चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे हे सगळे बंद करा. झटके आपोआप थांबतात. डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूचे फर्निचर सरकवा, वेळ मोजा. झटके थांबल्यावर कुशीवर वळवा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले, लागोपाठ आले किंवा पहिल्यांदाच आले, तर १०८. हा असर किंवा जिन्नाचा मामला समजून मूल लपवू नका. फीट हा मेंदूचा आजार आहे आणि त्यावर गोळ्या आहेत.

साप, विंचू आणि कुत्रा

याबाबत आपल्या रायगड जिल्ह्याने जगाला शिकवले आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसे, त्यातही मुले, का मरतात याचा त्यांनी रुग्णाच्या खाटेजवळ बसून अभ्यास केला. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुढे प्रॅझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले आणि मृत्यूचे प्रमाण खूप खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाला. यातून आपल्यासाठी धडा असा: विंचू चावल्यावर नुसती आग होत असेल तर ठीक, पण उलटी, दरदरून घाम आणि हातपाय गार पडणे ही धोक्याची घंटा आहे. औषध सरकारी दवाखान्यात आहे, मंत्रात वेळ घालवू नका.

साप चावला तर चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, फळी किंवा पट्टी बांधून स्थिर करा. अंगठी, पैंजण काढा. चालवत नेऊ नका. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. आवळलेल्या दोरीने हात-पाय गमावल्याची उदाहरणे आहेत. सापाच्या मागे धावायची गरज नाही, कारण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर आपल्याकडे एकच लस चालते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखून पापण्या जड होऊ लागल्या तर हा संशय घ्या. पावसाळ्यात मच्छरदाणी नीट खोचून झोपणे हा यावर चांगला उपाय.

कुत्रा चावला, नुसता ओरखडा असला तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. मिरची, चुना लावू नका. त्याच दिवशी लस सुरू करा आणि सगळे डोस पूर्ण करा. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे इंजेक्शनही लागते, ते डॉक्टरला आठवणीने विचारा. रेबीज एकदा उठला की त्यावर इलाज नाही.

ऊन, पाणी आणि वीज

१६ एप्रिल २०२३ रोजी आपल्या शेजारच्या खारघरमध्ये महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या १४ जणांचा जीव गेला. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे पारा फार वर नसतानाही शरीर तापत राहते. उन्हात माणूस बडबडू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापले, तर तो उष्माघात. सावलीत न्या, कपडे काढा, सगळ्या अंगावर पाणी ओता आणि पंख्याने वारा घाला. काखेत, मानेला, जांघेत बर्फ. शुद्धीवर नसेल तर पाणी पाजू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही. आधी थंड करा, मग गाडीत घाला, आणि गाडीतही ओले फडके चालू ठेवा. इज्तेमा किंवा जलसा उन्हाळ्यात असेल तर आयोजकांनी हे लक्षात ठेवावे.

तलावात किंवा पावसाळी नाल्यात कोणी बुडताना दिसले तर पोहता येत नसेल त्याने उडी मारू नये. ओढणी, दोरी, रिकामा कॅन फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढायला जाऊ नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग सीपीआर: तीस वेळा छाती दाबा, दोन श्वास द्या. बुडालेल्याला आणि लहान मुलांना श्वासाची गरज आधी असते.

कळंबोलीत पाणी साचते तेव्हा विजेचा धोका वाढतो. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. तो सापडत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. बाहेरची मोठी वायर तुटून पडली असेल तर लांबच राहा, इतरांना अडवा आणि ११२ ला कळवा.

रस्त्यावरचा माणूस

सायन-पनवेल महामार्ग, जेएनपीटीकडे जाणारे कंटेनर आणि पुण्याचा एक्स्प्रेसवे आपल्या दाराशी एकत्र येतात. अपघात दिसतो, गर्दी होते, आणि "पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार" म्हणून माणसे पुढे जातात. आपल्या मुलांना आणखी एक भीती वाटते, नाव विचारल्यावर आपल्यालाच अडकवले तर? ती भीती खोटी नाही. म्हणूनच कायदा माहीत हवा.

सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारे नियम लागू केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ म्हणून आले. जखमीला हॉस्पिटलात पोहोचवणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, साक्षीदार होणे त्याच्या मर्जीवर आहे, हॉस्पिटल त्याला पैसे भरायला लावू शकत नाही. आणीबाणीतल्या जखमीला कोणत्याही डॉक्टरने नाकारायचे नाही, हे तर न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे. गंभीर जखमीला वेळेत पोहोचवणाऱ्यासाठी 'राहवीर' योजनेत २५,००० रुपयांचे बक्षीसही आहे.

तिथे करायचे काय? आधी मागून येणारी गाडी थांबवा, नाहीतर दुसरा अपघात होतो. रक्तावर दाब द्या. मान हलवू नका, हेल्मेट ओढू नका, उचलून बसवू नका. फक्त आग लागली असेल किंवा श्वास बंद असेल तरच हलवा. पाणी पाजू नका, ऑपरेशन करावे लागले तर पोट रिकामे हवे.

मोहल्ल्याने काय करावे

मस्जिद-ए-नबवीत एक तंबू होता, हे आपण सीरतमध्ये वाचतो. रुफैदा अल-अस्लमिया (रजि.) तिथे जखमींची शुश्रूषा करत. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांनाही तिथेच ठेवले होते. म्हणजे मशिदीत प्रथमोपचार ही काही नवीन कल्पना नाही, आपणच ती विसरलो आहोत.

एका जुम्यानंतर अर्धा तास सीपीआरचे प्रात्यक्षिक ठेवता येईल. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स असे प्रशिक्षण देतात, आणि आपल्या मोहल्ल्यातही डॉक्टर, नर्स आहेत. बायकांसाठी वेगळी बैठक ठेवा, कारण दुपारच्या वेळी घरात त्याच असतात. मशिदीत आणि मदरशात एक पेटी असू द्या: गॉज, रुंद पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, ओआरएस, साखर, ग्लुकोमीटर, टॉर्च, साबण. पेटीला कुलूप नको, आणि रमजानच्या आधी एकदा तारखा तपासायच्या.

एक जीव वाचवण्याचे मोल सूरह अल-माइदाच्या ३२ व्या आयतमध्ये सांगितले आहे आणि ती आयत आपल्या प्रत्येक जलशात ऐकू येते. तिच्यावर अमल करायला तलवार किंवा दौलत लागत नाही. कधी ते दहा मिनिटे घट्ट धरलेले कापड असते, कधी वीस मिनिटे चालू ठेवलेला नळ. आज रात्री जेवणानंतर घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा, १०८ ला फोन केला तर पत्ता काय सांगायचा? सर्वात लहान मुलालासुद्धा तो न अडखळता सांगता आला, तर अर्धी तयारी झाली. बाकीची अर्धी, इन्शाअल्लाह, येत्या जुम्याला.